पहिलं नको

रविवारी दुपारी मी 'नको' म्हणाले, आणि मंगळवारपर्यंत माझा पाय एका जागी ठरला नाही.

तसं नको म्हणणं आमच्या वाडीत कुणाला शिकवावं लागत नाही. पाटावर बस म्हटलं की नको, चहा घे म्हटलं की नको, पोराच्या हातावर कुणी खाऊ ठेवला तर पोराच्या आधी आईचं नको. पण पहिलं नको म्हणजे नुसतं दारात चप्पल काढणं. आत यायचं असतंच. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस जरा पुढं सरकतो, तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून म्हणतो, "आता तुमी एवढं म्हणताय तर." धर्माजी सरपंच झाले तेव्हा भर सभेत त्यांनी तीनदा हात जोडले होते. "नगं मंडळी, माझं वय झालं." चौथ्यांदा कुणी विचारायच्या आत त्यांनी खिशातून अर्ज काढला. भरलेला, फोटो चिकटवलेला.

आता रविवारचं सांगते.

आमची वाडी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. हल्ली जो तो इंद्रायणी लावतो, कारण तिला गिऱ्हाईक आहे. जुनं भात, रायभोग म्हणा, खडक्या म्हणा, जीर म्हणा, आणि जुनी नाचणी-वरई, हे दोन-चार बायकांच्या माळ्यावर राहिलंय. त्यात सगळ्यात जास्त माझ्या. सतरा जाती. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यांत राख आणि निरगुडीचा पाला घालून मी ते बियाणं अकरा वर्षं जपलंय. कुणी सांगितलं म्हणून नाही. सासू मेली तेव्हा सहा तुंबे सोडून गेली, टाकवेनात, म्हणून पेरत राहिले. पुढं नादच लागला.

यंदा एका संस्थेनं जुन्या शाळेची खोली रंगवून घेतली. सगळ्यांचं बियाणं तिथं ठेवायचं, पेरणीला तिथून न्यायचं. खोली सांभाळायला वाडीतलीच एक बाई. तिच्याकडं किल्ली, आणि खोलीबाहेर बोर्डावर तिचं नाव आणि मोबाईल नंबर.

माझं मन बसलं ते त्या बोर्डावर. खोटं कशाला बोलू. माझं नाव आजवर रेशनकार्डावर दुसऱ्या ओळीत आहे, बाकी कुठं नाही. घरातल्या भांड्यांवरसुद्धा आमच्या ह्यांचं नाव घातलेलं. आमचे हे म्हणजे गोरख, मंचर ते भीमाशंकर जीप चालवतात. जीपवर मुलाचं नाव, घरावर सासऱ्याचं, माझं काय ते पातेल्याच्या बुडाखाली पण नाही.

त्यात रविवारी सकाळी इंग्रजीच्या बाईनं घोटाळा केला. माझा मुलगा सुनील चाकणला कंपनीत आहे. त्यानं दिलेल्या मोबाईलवर एक बाई रोज सकाळी एक वाक्य शिकवते. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं शिक्षण हे असं, भाकरी थापता थापता. त्या दिवशी वाक्य होतं, 'इफ यू इन्सिस्ट'. बाई म्हणाली, अर्थ असा की तुम्ही एवढा आग्रहच करत असाल तर. वापर कधी करायचा? समोरच्यानं पुन्हा पुन्हा म्हटल्यावर, मान्य करताना. मग उदाहरण. जॉन म्हणतो, मेरी, केक घे. मेरी म्हणते, नको. जॉन म्हणतो, अगं घे ना. मेरी म्हणते, इफ यू इन्सिस्ट. मेरीला केक पहिल्यापासून हवा होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला तर हसूच आलं. म्हणजे साहेबाच्या देशातही असंच! आपल्याकडं त्याला 'अर्धाच' म्हणतात. चहा नको, नको, बरं, अर्धाच.

मी ठरवून टाकलं. सभेत श्रेया मॅडम मला विचारणार हे नक्की होतं. दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा मान खाली न घालता सरळ म्हणायचं, इफ यू इन्सिस्ट. सगळ्या बायकांसमोर. चुलीपाशी मी ते तेवीस वेळा म्हणून बघितलं. मांजर उठून गेलं.

सभा शाळेपुढच्या ताडपत्रीवर भरली. श्रेया मॅडम संस्थेच्या. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी, ओझरकडच्या शेतकरी घरातली, पुण्यात शिकलेली. वहीत बघून म्हणाली, "रत्नाताई, सगळ्यात जास्त बियाणं तुमच्याकडं आहे. खोली तुम्ही सांभाळाल का?"

"नगं बाई. माझ्याकडनं कसलं व्हतंय," मी म्हणाले, आणि बांगडी फिरवत खाली बघत बसले. छान जमलं होतं.

"ठीक आहे ताई," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात, त्याचा मला आदर आहे."

मी मान वर केली. तिनं वहीत माझ्या नावापुढं रेघसुद्धा मारली होती.

"मग प्रतिभाताई, तुम्ही?"

"हो. सांभाळीन," प्रतिभा म्हणाली.

असं! मान खाली नाही, पदर सारखा करणं नाही. ही प्रतिभा म्हणजे साळुबाईची सून, आदेशची बायको. चार वर्षं झाली लग्नाला. नाणेघाटाकडची पोर. हिला रायभोग आणि इंद्रायणी एका सुपात दिली तर निवडता येणार नाही. आणि हो म्हणते!

एरवी माझी धाकटी जाऊ जया शेजारी बसलेली असते, ती म्हणाली असती, "आवं बाई, तुमच्याबिगर कोन?" पण नेमकी त्या घडीला ती मशेरी थुंकायला उठली होती. आणि साळुबाई मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं. रत्नाला नकोच व्हतं. महिना झाला सांगती, मला नगं त्या भानगडी."

हे मात्र खरं होतं. गिरणीत, वाटेवर, लग्नात, जिथं विषय निघेल तिथं मी ते सांगत होते. हावरी दिसू नये म्हणून.

इफ यू इन्सिस्ट घशातच राहिलं.

संध्याकाळी आमटीत मीठ दोनदा पडलं. आमच्या ह्यांनी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या ओढला.

"काय झालंय?"

मी सांगितलं.

"मग हो म्हनायचं व्हतंस."

"पहिल्याच बारीला? तुमी मला बघाया आलावता तवा माझा बाप काय म्हनला व्हता?"

"एवढ्यात पोरगी द्यायची न्हाई म्हनला व्हता."

"मग? गेलाव का उठून?"

"उठलो व्हतो की. मामानं शर्ट धरून खाली बसवला." ते हसले. "तुला बी कुनीतरी पदर धरून बसवायला पायजे व्हतं. पर मामा आता न्हाई राहिला." आणि भाकरी दुधात कुस्करून जेवले. माणसाला बायकोचं दुःख कळतं, पण आमटी खाववत नाही.

सोमवारी मी अंगण तीनदा झाडलं. पाखडलेलं भात परत पाखडलं. माळ्यावरून तुंबे खाली काढले, कारण मंगळवारी ते खोलीत पोचवायचे होते. मग मनात आलं, द्यायचेच नाहीत, आणि परत वर चढवले. शिडीवरून उतरताना वाटलं, बियाणं माझं आणि किल्ली तिची, हा कुठला न्याय? परत खाली काढले. माळ्याच्या शिडीची एक पायरी त्या दिवशी मोडली.

शेवटी जयाला म्हटलं, "जा, मॅडमला सांग मला परत इचार म्हनून. पर मी सांगितलं असं सांगू नको."

"मग कुनी सांगितलं सांगू?"

"तुझं तू म्हन."

जया गेली, आणि मला घरात बसवेना. कळशी घेतली आणि शाळेवरून चालत गेले. जाताना एकदा, येताना एकदा, परत जाताना एकदा. श्रेया मॅडम खोलीत फळ्या पुसत होती. खिडकीतून म्हणाली, "ताई, पाणी भरताय? नळ तर तुमच्या दारात आहे ना?"

"हां. हिकडचं जरा गोड लागतं," मी म्हणाले. कळशी रिकामी होती आणि वाजत होती.

जया परत आली ती पदरानं तोंड दाबून. "म्हनलं, मॅडम, रत्नाबाईंना परत एकडाव इचारून बघा. तर म्हनती, नको, त्यांच्यावर दडपण येईल. म्हनलं, येऊ द्या की थोडं! तर म्हनती, जयाताई, असं करू नये."

"मंग?"

"मंग काय, मला फळी पुसाया लावली."

त्यातच कळलं की मंगळवारी बाराला घोडेगावचा पेंटर येणार. बोर्ड लिहायला.

मंगळवारी सकाळी इंग्रजीच्या बाईनं काय शिकवलं मला माहीत नाही, मी मोबाईल उशीखाली घातला. आठ वाजता शाळेत गेले. श्रेया मॅडम पायरीवर पोहे खात होती.

उभ्या उभ्याच बोलले. बसले असते तर पुन्हा गोल फिरले असते. "मॅडम, ती खोली मला सांभाळायची व्हती."

तिचा चमचा थांबला. "ताई, मग रविवारी सांगायचं ना."

"सांगितलंच की."

"तुम्ही नको म्हणालात."

"तेच ते."

ती बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. तीही याच मातीतली, कळणार कसं नाही? पण ती हसली नाही. पोह्यांची ताटली बाजूला ठेवली.

"रत्नाताई, गेल्या वर्षी मी एका स्थळाला नाही म्हणाले. तेव्हापासून घरचे विचारतायत. आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू. प्रेमानंच विचारतात. जेवायला वाढता वाढता विचारतात. माझं नाही कुणाला ऐकूच येत नाही. लाजते म्हणतात. म्हणून मी ठरवलंय, मी कुणालाही दोनदा विचारणार नाही."

खरं सांगायचं तर त्या मावश्यांच्या ओळीत मी बसलेली मला दिसले. मीही म्हणाले असते, अगं, पोरगा चांगला आहे, परत विचार कर.

"मी प्रतिभाताईंना दिलंय ते काढून घेणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघी बोला. तुमचं जे ठरेल ते पेंटरला सांगते."

प्रतिभाचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. एवढीशी वाट, पण मी तीनदा थांबले. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. तू लहान आहेस, तुला पुढं पुष्कळ मिळेल. तुला यातलं काय कळतं. वाडीचा मान असतो. सगळं पाठ केलेलं.

साळुबाई घोडेगावला दवाखान्यात गेली होती. प्रतिभा ओट्यावर वरई निवडत होती. उठून तिनं पोतं अंथरलं.

"बसा काकी. चहा घेता?"

"नगं," मी म्हणाले.

ती परत सुपापाशी बसली. मी तिच्याकडं बघितलं. एका नकोवर बसली! तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती, आणि गाठीतून किल्लीचं डोकं बाहेर आलं होतं. नवी किल्ली, अजून पिवळी.

पाठ केलेलं सगळं उडून गेलं. "प्रतिभा, ती खोली मला पायजे," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. वरईतला एक खडा तिनं उचलला, लांब टाकला.

"मला बी पायजे, काकी."

कोंबडी आली, सुपात चोच घालून गेली, दोघींनी हाकलली नाही.

"मला पायजे हे तुला ठाव नव्हतं?"

"समद्यांना ठाव व्हतं."

"मग तू हो म्हनलीस कशी? एकदा तरी म्हनायचं, रत्नाकाकीला इचारा."

"मॅडमनं तुमाला इचारलं व्हतं की."

"एकदाच!"

"मला तर बाकी कुनी एकदा बी इचारत न्हाई." ती चिडून बोलत नव्हती. वरई निवडावी तसं एकेक वेगळं करत होती. "आमी सहा बहिनी. नको म्हनलं की ताट पुढच्या बहिनीकडं. आन् हितं आले त्या दिशी आत्याबाई म्हनल्या, जेव. म्हनलं, नवी सून हाये, पयल्यांदा नगं म्हनावं. रीत हाये. तर त्यांनी ताट उचललं. कामाच्या घाईत व्हत्या, त्यांच्या मनात काय नव्हतं. पर मी उपाशी निजले, काकी. तवापासनं मी पयल्याच बारीला हो म्हनते."

त्या दिवशीची पंगत मला आठवली. मांडवात, दुसऱ्या ओळीत मी बसले होते. साळुबाई बुंदी घेऊन आली होती, मी पानावर हात आडवा धरून नको नको म्हणत होते, आणि तिनं माझा हात बाजूला करून तिसऱ्यांदा बुंदी वाढली होती. केवढं हसलो होतो आम्ही दोघी. त्यातली निम्मी मी पानातच टाकली होती.

"आमच्यात साखरेच्या डब्याची किल्ली बी आत्याबाईंच्या कमरंला असती," प्रतिभा म्हणाली. मग तिनं पदर पुढं ओढला. "पर तुमी वडीलधाऱ्या. तुमचं बियाणं. तुमी म्हनत आसाल तर..."

तिचं बोट गाठीत शिरलं होतं. मला फक्त आणखी एकदा म्हणायचं होतं. दे बाई, एवढं म्हणायचं, आणि किल्ली माझी. रविवारपासून मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते, आणि आता ते दुसरं विचारणं माझ्याच हातात होतं. आग्रह करायचा तर समोरच्यापेक्षा थोडं तरी वर उभं राहावं लागतं, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर त्या ओट्यावर कळलं. आणि करून घ्यायचा तर त्याहून वर.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "गाठ मार."

"काकी, खरंच की..." ती थांबली. माझं 'राहू दे' पहिलं की शेवटचं, तिला कळेना. तिचं काही चुकलं नाही.

"खरंच. इचारलं, तू मला बी पायजे म्हनलीस, झालं."

तिनं गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. बोर्ड अजून डोळ्यांपुढं होता, वर माझं नाव, खाली मोबाईल नंबर. मी उठले, पदर खोचला. बियाणं दुपारी पोचवीन म्हणाले आणि पायरीवर चपला शोधायला लागले. एक चप्पल कोंबडीच्या डालग्याखाली गेली होती.

"काकी."

"काय?"

"मला त्यातलं एक बी वळकाया येत न्हाई. रायभोग कंचा, खडक्या कंचा. तुमी खोलीत याल का? मला शिकवाल?"

माझं तोंड आपोआप उघडलं. आतून ते आलंच होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीचं. मला कसलं येतंय, तूच शीक, माझ्याकडनं कशाला. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"आवं असं नका म्हनू, तुमच्याबिगर मला कोन हाये, तुमी नुसतं बसून जरी..." तिनं दुसऱ्यांदा विचारायचं तयारच ठेवलं होतं. निम्म्यात ती थांबली. "हो म्हनलात?"

"हो."

"एकदम?"

"दानं दातांखाली धरून वळकायचं असतंया. बघून न्हाई कळत. आजपासनं शीक. तुंबे न्यायला माझ्यासंगं चल, आधी शिडी बांधू, पायरी मोडलीय."

खालच्या रस्त्यानं मोटारसायकल चढत होती. मागं डबे आणि ब्रश बांधलेले. पेंटर बाराच्या आधीच आला होता. दोघी उभ्या राहून बघत राहिलो. मोटारसायकल शाळेकडं वळली तेव्हा प्रतिभानं माझ्याकडं बघितलं, आणि मी डालग्याखालून चप्पल ओढून काढली. घातली मात्र नाही.

"मगाशी तू चहाचं इचारलं व्हतंस," मी म्हणाले.

"तुमी नगं म्हनलात."

"मगाशी म्हनले. आता परत इचार."

तिच्या तोंडावर हसू आलं, पण तिनं ते आवरलं आणि रीतसर, सुनेसारखं, पदर खांद्यावर घेऊन विचारलं, "काकी, चहा घेता? साखर न्हाई, गुळाचा हाये."

मी पायरीवर बसले. अर्धाच म्हणायची जिभेला सवय. कुणी काही म्हणेल म्हणून आजूबाजूला बघितलं. कोंबडी होती.

"ठेव," मी म्हणाले. "आन् भरून दे."